पाठराखीण

हृतिकचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. होता तो त्याच्या कॉम्प्युटरवर, आणि लगीनसराई तोंडावर आली असताना नेमका त्यानंच दगा दिला.

तळेगाव ढमढेऱ्यात लग्नाचं शूटिंग करणारे पुष्कळ, पण झटपट एडिटिंग करून देणारा हृतिकच. मशीन त्याला शिरूरच्या ज्ञानेशनं जोडून दिलेलं. प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचा, हा नादही त्याचाच. मशीन पळायचंही झकास. हे एक काम हाती घेईपर्यंत.

काम घरचंच होतं. थोरली बहीण शितल यवतच्या पुढं दिलेली. वर्ष व्हायच्या आत सासरच्या शेततळ्यात पाय घसरून पडली. तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा, की पोहता येत असूनही पोरीला वर चढता आलं नाही. तिच्या लग्नाचं शूटिंग हृतिकनंच केलेलं, पण कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं आणि तसंच कपाटात पडून राहिलं.

आता धाकट्या राजनंदिनीला स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, पोरीच्याही मनात भरलेला. आई, सिंधूबाई, मात्र अडून बसली.

"शितीला एकटी धाडली म्या," ती म्हणायची. "सविता वन्सं जायच्या होत्या पाठराखीण म्हणून, तर त्यांचं बीपी वाढलं. नवरी पहिल्यांदा सासरी जाती तवा संगं बाईमाणूस पाहिजे. लोक म्हणले, आता कोण बघतंय, आन् म्या ऐकलं. तिचं जातानाचं तोंड मला एकदा दाव. त्याबिगर राजूला उजवायची न्हाई मी."

म्हणून हृतिकनं ते कार्ड दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरला लावलं. एकेक चित्र सुटं होऊन पडद्यावर यायला लागलं. हळद निघाली, अक्षता निघाल्या, पंगती निघाल्या. पाठवणी आली, शितल गाडीत बसली, आणि पडदा निळा. मशीन बंद.

पुन्हा चालू केलं, पुन्हा तिथंच बंद.

त्यानं पंखे झाडले, प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट बदलली, रॅम काढून दुसरी घातली. शेवटी ओव्हरक्लॉक उतरवून सगळं कंपनीच्या सेटिंगवर आणलं. आता तरी बंद पडायचं कारण नव्हतं. पडलं, आणि त्याच चित्रावर पडलं.

"दादा, होईल ना रे?" राजनंदिनी दारातून विचारायची.

"होणार म्हंजी काय! मशीन हाय, न होऊन सांगतंय कुणाला."

ज्ञानेशला फोन लावला. "ताण आला की प्रोसेसरला व्होल्टेज कमी पडतं, गड्या," तो म्हणाला. "एक पायरी चढव. आन् तापमानावर डोळा ठेव, न्हाईतर प्रोसेसर फुकून बसशील."

हृतिकनं एक पायरी चढवली. चित्र थोडं पुढं सरकलं. मागच्या सीटवर शितल, मान खाली घातलेली, आणि तिच्या शेजारी काहीतरी करडं. मग पडदा निळा.

तिथं शितलची बॅग होती. गाडीचं दार लावण्याआधी त्यानं स्वतःच ती तिथं ठेवली होती.

आणखी एक पायरी. आता ते करडं लुगड्यासारखं दिसायला लागलं. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला.

'फाइल खराब आहे, दोन चित्रं एकमेकांत मिसळलीत,' हृतिकनं स्वतःला समजावलं. ते त्याला पटलंही. तरी पुढची पायरी चढवण्याआधी त्यानं आईला हाक मारली.

"आई, ये. निघतंय बहुतेक."

सिंधूबाई पिठाचे हात पुसत येऊन बसली. बाहेर टळटळीत दुपार होती, बाजारच्या जीपा भरत होत्या. पंखे घरघरायला लागले. तापमान भलतंच चढलं. चित्र पुढं सरकलं.

शितलच्या मनगटावर एक हात होता. धुणं धुतल्यावर पडतात तशी त्याची बोटं पांढरी, सुरकुतलेली. पदराच्या टोकातून सीटवर पाणी ठिबकत होतं.



"गेली की गं बाई कुणीतरी संगं!" सिंधूबाईला हुंदका फुटला. "एकटी न्हवती माझी लेक."

"आई, तिथं कुणी नव्हतं. मी शूटिंग केलंय."

"तुला दिसली न्हाई. मला दिसती."

जे तोंड बघायला ती इतकी तडफडत होती, त्या तोंडाकडं तिनं पाहिलंच नाही. हृतिकनं पाहिलं.

शितल हात सोडवून घेत होती.

त्यानं बटण दाबून मशीन बंद केलं. त्या दिवसापासून ते आपणहून एकदाही बंद पडलं नाही. त्यानं व्होल्टेज मुद्दाम इतकं उतरवलं, की ते सुरूच व्हायला नको होतं. सुरू झालं. कार्ड पुसायचंही त्यानं ठरवलं, पण आई रोज दुपारी त्या पडद्यासमोर बसायला लागली होती. हळू आवाजात बोलायची, मान डोलवायची. रंगही बरा दिसायला लागला होता तिचा. पुसायचा धीर त्याला झाला नाही.

आणि आईनं होकार दिला. राजनंदिनीची सुपारी फुटली. घरात कितीतरी दिवसांनी हसणं ऐकू आलं.

पाहुणे गेल्यावर हृतिक म्हणाला, "आई, राजूच्या गाडीत सविता आत्याला बसवू. मीपण बसतो."

"कशापायी? पाठराखीण ठरली हाय."

"कोण?"

"शितीसंगं गेल्ती तीच. व्हय म्हणलीय."

राजनंदिनीला वाटलं आई थट्टा करतेय. ती हसत आत गेली.

हृतिक तोंडावर पाणी मारायला मोरीत गेला. बादली भरलेली होती. तिच्यात पाठराखिणीला द्यायची साडी बुडवून ठेवलेली होती. नवीकोरी, घडीसकट, लेबलासकट.

"आई, ही भिजत कशाला घातलीस?"

"कोरडं सोसत न्हाई तिला," सिंधूबाई चुलीपुढून म्हणाली, आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली.