चेसिसचा ठसा

वाहन नोंदणी कार्यालयाच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझं टेबल आहे. लोक मला एजंट म्हणतात. काम असेपर्यंत साहेब म्हणतात आणि काम झालं की ओळखही देत नाहीत. मोटारसायकल एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची, तर चेसिस नंबरचा ठसा लागतो. हँडलखाली, सांगाड्याच्या लोखंडात तो नंबर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद चिकटवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. कागद काळा होतो, खोलगट आकडे पांढरे राहतात. ठसा जुळला की नाव बदलतं आणि जुन्याच नंबरची नवी, कुलपांची नंबरप्लेट मिळते. तिची कुलपं एकदा दाबली की पुन्हा उघडत नाहीत. प्लेट नसेल तर पहिल्याच चौकात पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतात.

माझी धाकटी लिफ्ट दुरुस्त करते. नोकरी नवी आणि इमारती शहरभर पसरलेल्या. गुरुवारपासून स्वतःची गाडी नसेल तर येऊ नका, असं कंपनीने तिला बजावलं होतं. तिची आई म्हणाली स्कूटर घे, ती म्हणाली मोटारसायकलच. आमच्या घरात शेवटी कोणाचं चालतं ते मी सांगायला नको. मी ओळखीतून एक वापरलेली गाडी शोधली. काळी, बेताची चाललेली, अंगावर एक ओरखडा नाही. मालकाने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तो लगेच मागे सरला, मग लांबूनच बोलत राहिला. नाव लवकर बदलून घ्या, एवढंच पुन्हापुन्हा सांगत होता. मला वाटलं, कुठे कोणाला ठोकली असेल. चौकशी केली, तर तसं काहीच नव्हतं.

सोमवारी दुपारी टेबलाशेजारी गाडी लावून मी ठसा घेतला. आकडे स्वच्छ आले. त्यांच्या शेजारी चार लांबट पांढऱ्या खुणाही आल्या. ती बोटं होती. टोकांवरच्या बारीक रेषासुद्धा उमटल्या होत्या. कोणीतरी सांगाड्याची ती नळी मुठीत घट्ट धरली असावी, तसं ते दिसत होतं. कारखान्यात रंग ओला असताना एखाद्याचा हात लागला असणार, असं म्हणून मी लोखंडावरून अंगठा फिरवला. ते गुळगुळीत लागलं. दुसरा कागद लावून घासलं. आकडे जागच्या जागी होते. बोटं मागे गेली होती, टाकीच्या कडेपर्यंत.

मी पेन्सिल बदलून पाहिली, कागद बदलून पाहिला. इतकी वर्षं हेच करतोय, माझा हात चुकत नाही. झेरॉक्सवाल्या बाईंना ठसा दाखवला. त्यांनी हात कोणाचा म्हणून विचारलं, उत्तराची वाट न पाहता खुर्ची आत ओढून घेतली आणि दिवसभर बाहेर आल्या नाहीत. आतल्या साहेबांना मात्र तो ठसा चालला. आकडे वाचता आले की बाकीशी त्यांना देणंघेणं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी जमिनीवर आडवा होऊन टाकीखालच्या नळीवर कागद दाबला. बोटं तिथे होती. टोकं सीटकडे वळलेली होती. मी मालकाला फोन लावला आणि गाडीबद्दल बोलायचंय म्हणालो.

"कुठवर आलंय?" त्याने विचारलं.

"टाकीखाली."

त्याने लगेच विचारलं, "नाव बदललं का?"

"अर्ज आत गेलाय. होईल."

"मग आता मला सांगू नका," तो अगदी हळू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. नंतर त्याने माझा फोन उचललाच नाही.

संध्याकाळी मी धाकटीला म्हणालो, ही गाडी नको, दुसरी बघू. तिने कारण विचारलं. मी कागद पुढे केले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, बाबा, एवढ्यासाठी माझी नोकरी घालवणार? मी कागद परत घेतले. स्वतःसाठी मी कधी भ्यालो नाही. तिच्यासाठी भ्यालो.

गुरुवारी सकाळी नवी प्लेट हातात आली. बसवण्याआधी मी सगळ्या सांगाड्यावर कागद लावले. हँडलखाली, टाकीखाली, सीटच्या दोन्ही नळ्यांवर, पार मडगार्डपर्यंत. पेन्सिल संपत आली. कुठेच काही नव्हतं. कागद नुसते काळे.

माझा जीव भांड्यात पडला. मी मागच्या चाकाशी बसलो, प्लेट लावली आणि दोन्ही कुलपं दाबली. गाडी न्यायला आलेली धाकटी आधीच हेल्मेट घालून सीटवर बसली होती. एक चक्कर मारून येते म्हणाली आणि गेली.

मी कागद गोळा करत होतो. तेव्हा लक्षात आलं. ठसा टणक गोष्टीचाच येतो.

सीट फोमची होती.

ती परत आली. हेल्मेट काढलं. चेहरा फुलला होता. गाडी झकास आहे म्हणाली.

मग तिने खांदा हलवला. "प्लेट लावताना तुम्ही खांद्यावर हात ठेवला होतात ना, बाबा? अजून जाणवतोय."

माझे दोन्ही हात तेव्हा प्लेटवर होते.

मी तिला हलू नकोस म्हणालो. तिच्या जॅकेटच्या खांद्यात टणक गार्ड आहे. त्यावर कागद धरला आणि घासायला लागलो.

"आता माझाही ठसा?" ती हसली.

शिवण उमटली. गार्डची कड उमटली. बाकी काही नाही.

मी श्वास सोडला.

तिचं हसू थांबलं होतं. तिने मान जरा वाकडी केली.

"तिथे नाही, बाबा," ती म्हणाली. "आता पुढे आलंय. गळ्यापाशी."