अण्णांचा प्रतिदेह

पट्टी दुसऱ्या कुणाच्या मनगटावर जाता कामा नये, असं मिरजेच्या रुग्णालयातल्या सिस्टरनी मला दोनदा बजावलं होतं. मी मान डोलावली आणि सोडून दिलं.

माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या, डाव्या मूत्रपिंडात तीन सेंटिमीटरची गाठ होती. उजवं जन्मापासूनच खुरटलेलं. त्यामुळे डावं सबंध काढणं शक्य नव्हतं, गाठीपुरताच भाग काढायचा होता. दुर्बिणीतून की पोट उघडून, हे ठरवायला अण्णांचा प्रतिदेह बनवणार होते, म्हणजे संगणकातलं त्यांचंच शरीर. आकार स्कॅनवरून घ्यायचा. नाडी, रक्तदाब, घामातले क्षार ही त्याची वागणूक, ती मनगटावर एकवीस दिवस बांधलेल्या, हे सगळं मोजणाऱ्या पट्टीवरून. मध्ये खंड पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

अण्णा एसटीच्या वर्कशॉपात फोरमन होते. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पट्टी काढून टेबलावर ठेवली. "दावं बांधल्यासारखं वाटतंय, सूनबाई." गाठ वाढत असेल, मोजणी थांबायला नको, एवढंच माझ्या डोक्यात. पट्टी मी माझ्या मनगटावर बांधली. उरलेले अठरा दिवस ती तिथंच राहिली.

प्रतिदेहावर दोन्ही पद्धतींनी पाच-पाचशे शस्त्रक्रिया झाल्या. निकाल ऐकायला अण्णा आणि मी गेलो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. तांबोळींनी समजावलं, की गाठ कापताना मूत्रपिंडाची रक्तवाहिनी चिमट्यानं बंद ठेवावी लागते. दुर्बिणीतून केलं तर चोवीस मिनिटं, पोट उघडलं तर पंधरा. पण दुर्बिणीत रक्त कमी जातं, जखम लहान, चौथ्या दिवशी घरी. "आणि या मूत्रपिंडानं चोवीस मिनिटं सहज सोसली," ते म्हणाले. "पाचशेत एकदाही निकामी झालं नाही."

प्रतिदेह बनवणाऱ्या डॉ. इनामदार बाई मात्र पट्टीचे आलेखच बघत होत्या. "अण्णा, पहिले तीन दिवस सोडले तर रोज दुपारी पावणेएकला तुमची नाडी का हो धावते?"

"तेव्हा मी घोरत असतो."

पावणेएकला माझ्या लेकीची, ईराची, शाळेची व्हॅन येते. ती दिसेपर्यंत मी गॅलरीत उभी असते. मी सगळं सांगून टाकलं.

अण्णांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याच गाडीचं इंजिन टेस्टिंगला लावलंस."

तीन सेंटिमीटरची गाठ आणखी तीन आठवडे थांबू शकते, असं तांबोळी म्हणाले. हे मी आधी विचारलंच नव्हतं. पट्टी पुन्हा अण्णांच्या हातावर चढली, या वेळी त्यांनी कुरकुर केली नाही. नव्या प्रतिदेहात चोवीस मिनिटांनंतर पाचशेपैकी एकशे नव्वद वेळा मूत्रपिंड परत कामाला लागलंच नाही. पंधरा मिनिटांनंतर फक्त अकरा वेळा. पोट उघडायचं ठरलं. नवव्या दिवशी अण्णा घरी आले. कुशीत वीतभर टाके, पण मूत्रपिंड चालू.

टाके काढायला गेलो तेव्हा इनामदार बाईंनी मला थांबवून घेतलं. जुना प्रतिदेह त्यांनी पुसला नव्हता.

"यात आकार अण्णांचा आहे, वागणूक तुमची," त्या म्हणाल्या. "हा रक्तदाब अठरा दिवसांत एकदाही उतरलेला नाही. सत्तरीतल्या माणसाचा म्हणून आम्ही चालवून घेतला. तुम्ही एकतीस वर्षांच्या आहात."

मला तर काही होत नाही, असं मी म्हटलं.

"या दाबानं काही होतच नाही. दहा-पंधरा वर्षं. मग दोन्ही मूत्रपिंडं जातात."

आता मी रोज सकाळी गोळी घेते.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्या माणसाकडे सगळ्यांचं लक्ष असेलच. त्याच्या गोळ्यांच्या वेळा जिला पाठ आहेत, तिचा रक्तदाब आज मोजून बघाल का?