निळ्या पिंपातले पाय

ऑरविलने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं तोंड त्याला दिसलंच नाही. दिसले ते पाय. एका पायात पिवळा मोजा, दुसऱ्यात हिरवा. बाकीची मी, कमरेपासून डोक्यापर्यंत, एका निळ्या पिंपात होते.

"गुड आफ्टरनून," कुणीतरी म्हणालं.

पिंपाच्या तळाशी आवाज कसा येतो माहितीये? ढगातून कुणी बोलावं तसा. मी आतूनच ओरडले, "गुड आफ्टरनून! आवाज छान आहे, पण हात रिकामे असतील तर मला बाहेर काढा!"

"काढतो... पण धरू कुठे? म्हणजे... आपली ओळख नाहीये."

"मी डेल्सी. झाली ओळख. काढा आता!"

शहाण्याने मला हातही लावला नाही. पिंपच अलगद आडवं केलं आणि मी घरंगळत बाहेर आले. केस विस्कटलेले, मुठीत टॉवेल. वर पाहिलं तर पोस्टमन. टोपीवरून पाणी टपटपतंय, खांद्यावर थैली, आणि हसू येऊ नये म्हणून ओठ असे आवळून धरलेले... की गालाला खळी पडलीच.

"याला म्हणतात वळण," गल्ल्यामागून मिस आयोनी म्हणाली. "आत पाऊल टाकताच गुड आफ्टरनून! परवा एक सूटवाला आला, ना हाय ना हॅलो, थेट पुस्तकांना हात."

"आणि तुम्ही त्याला बाहेर काढून पुन्हा दारातून यायला लावलंत," मी म्हणाले.

"दोनदा. पहिल्यांदा पुटपुटला."

तर असं मिस आयोनीचं दुकान. लंडनमध्ये, टॉटनहॅमच्या त्या रस्त्यावर, एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला पॅटीवाला, मध्ये एक खोली आणि त्यात आमची सगळी दुनिया. सगळ्यात खालचं फडताळ रांगणाऱ्यांचं, पुस्तकं चावली तरी चालतील. खिडकीशी खुर्ची आणि मोठ्या अक्षरांची पुस्तकं आज्यांसाठी. मधल्या फडताळांत आमच्या वाडवडिलांच्या बेटांवरची माणसं, आफ्रिकेतली माणसं, आणि बोटीने येऊन याच रस्त्यावर खोली शोधत फिरलेली माणसं. माझ्या शाळेतल्या पुस्तकांत सगळ्या पोरी सोनेरी केसांच्या. मी स्वतःचं चित्र काढायला बसले तरी पिवळा खडू उचलायचे, बोला! नऊ वर्षांची असताना या दुकानात आले आणि एका मुखपृष्ठावर माझ्यासारख्याच चार वेण्या घातलेली, माझ्याच रंगाची पोरगी दिसली. ते पुस्तक घेऊन मी फरशीवर बसकण मारली. अजून उठलेच नाही म्हणा ना! चोविसाव्या वर्षी तिथेच नोकरीला होते.

आणि पिंप? दर ऑक्टोबरात आमच्याकडचा प्रत्येक जण आपल्या बेटावर एक पिंप पाठवतो, ख्रिसमसपर्यंत पोचावं म्हणून. तांदूळ, तेल, साबण, कपडे. मिस आयोनीचं पिंप जायचं डॉमिनिकाला, तिच्या मॉर्न रोझ गावच्या शाळेला, आणि त्यात निम्मी पुस्तकंच. भरायची जबाबदारी माझी. पुस्तकांमध्ये टॉवेल, फटींत मोजे, आणि साबण तांदळापासून चार हात लांब, नाहीतर नाताळच्या जेवणाला फेस येतो.

"तुझ्या मोज्यांची जोडी पण पिंपातच गेली वाटतं?" ऑरविल हळूच म्हणाला.

"फॅशन आहे. पोस्टात नाही पोचली अजून?"

मग त्याने थैलीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक जाड वही काढली. "मिस आयोनी, हे जरा... बघाल का?"

त्याच्या आजीची गोष्ट होती. अठ्ठावन्न साली एक सुटकेस आणि एक नारळाची किसणी घेऊन बोटीत बसलेली पोरगी. पानापानावर त्याने रंगवलेली चित्रं, खाली दोन-दोन ओळी. लंडनच्या धुक्यात ती किसणी छातीशी धरून उभी आहे, ते पान आलं आणि मिस आयोनीने चष्मा काढून पुसला. तिला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. अजूनही पाहिलं नाहीये, ती म्हणते धूळ होती.

"हे पाच वर्षांचं पोर पण वाचेल आणि माझ्यासारखी म्हातारी पण," ती म्हणाली. "प्रती किती?"

"एकच. आजीला ऐंशी होतायत नव्या वर्षात. तिला द्यायचंय. शेवटचं पान तेवढं राहिलंय."

"पुरं कर. पुढच्या शनिवारी इथे मुलांना वाचून दाखवायचं."

हा हुकूम होता. मी ती वही त्या दुपारी दोनदा वाचली, मग त्याने ती परत नेली.

पुढचा आठवडा... काय सांगू! दुकानाला रोज तीन-चार पत्रं यायची. हा पठ्ठ्या एका खेपेला एकच आणायचा.

"गुड मॉर्निंग. विजेचं बिल."

वीस मिनिटांनी, "गुड मॉर्निंग. पाण्याचं."

"बाकीची काय पोहत येतायत?" मी विचारलं.

"एकदम दिली तर परत कशाला येऊ?" म्हणाला, आणि स्वतःच इतका लाजला की विजेचं बिल परत घेऊन निघाला.

शुक्रवारी संध्याकाळी वही घेऊन आला. "झालं शेवटचं पान. पण उद्यापर्यंत उघडायचं नाही, डेल्सी. शब्द?"

"शब्द."

शब्द मी पाळला हं. वही उघडली नाही. फक्त... लपवली. पिंपाच्या तोंडापासून दोन हात खाली, टॉवेलात. म्हटलं, उद्या शोधत येईल, मी म्हणेन 'कसली वही?', मग पिंपात डोकं खुपसायची पाळी त्याची, आणि त्याच्या पायांना गुड मॉर्निंग म्हणायची पाळी माझी! खुशीत घरी गेले. पिंप न्यायला गाडी येणार होती शनिवारी दुपारी.

सकाळी दहाला हातात गरम पॅटी घेऊन पोचले, तर पिंपाच्या जागी फरशीवर नुसतं गोल वर्तुळ.

"बोट लवकर सुटतेय म्हणे," मिस आयोनी म्हणाली. "सात वाजताच येऊन घेऊन गेले. बरं झालं, तू भरून ठेवलं होतंस. मी झाकण लावलं आणि दिलं."

माझ्या हातातल्या पॅटीचं काय झालं, मला आठवत नाही. बोटवाल्यांना फोन केला. आमचं पिंप कंटेनरच्या पार तळाशी गेलं होतं, वर शंभर पिंपं, कंटेनरला सील. पोचायला सहा आठवडे.

अकराला ऑरविल आला. इस्त्रीचा शर्ट, समोर फरशीवर मांडी घालून बारा पोरं. मी त्याला दाराशीच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात.

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "आजीची वही?"

"हो."

"मी गावभर लोकांची पत्रं जपून पोचवतो, डेल्सी..." पुढचं वाक्य त्याने गिळलं. पोरं बघत होती. तो गेला आणि त्यांच्यासमोर बसला, आठवून आठवून सांगायला लागला. बोटीपर्यंत आला आणि अडखळला.

"सातवं पान," मी मागून म्हणाले. "ती किसणी सुटकेसमध्ये मावत नाही. मग ती म्हणते, कपडे राहू देत."

त्याने वर पाहिलं. पुढे जिथे जिथे तो थांबला, तिथे तिथे मी ओळ पुरवली. शेवटचं पान मात्र मी पाहिलंच नव्हतं, आणि तो ते सांगेना.

"मग शेवट काय?" एका चिमुरडीने विचारलं.

"तो बोटीत आहे," ऑरविल म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

सोमवारपासून सगळी पत्रं एकाच खेपेला. दारात उभं राहून "गुड मॉर्निंग", आणि चालता. रागातसुद्धा गुड मॉर्निंग सोडला नाही मेल्याने, तेच जास्त झोंबायचं.

मिस आयोनीने मॉर्न रोझच्या मुख्याध्यापिकेला फोन करून ठेवला होता, पिंप उघडलं की आधी वही शोधा. आणि पोरांनी हट्ट धरला म्हणून ऑरविल दर शनिवारी गोष्ट सांगायला यायचा, मला ओळी पुरवायला बसावंच लागायचं. चौथ्या शनिवारी आमचं भांडण झालं.

"आजीचा कोट लाल होता," मी म्हणाले.

"हिरवा. मी काढलाय!"

"लाल. मी दोनदा वाचलंय. पैज?"

"वही कुठाय पैज लावायला?" तो म्हणाला... आणि खळी पडलीच. क्षणभर. लगेच त्याने ती मिटवली, पण मी पाहिली होती.

ख्रिसमसला चार दिवस होते. पोपटाची तिकिटं लावलेलं जाड पाकीट घेऊन ऑरविल दारात उभा, नखशिखांत भिजलेला, पाकीट मात्र कोटाच्या आत कोरडं.

"गुड मॉर्निंग. मॉर्न रोझहून आहे. दुकानाच्या नावावर..." त्याच्या बोटांना ते सोडवत नव्हतं, पण दुसऱ्याच्या नावाचं पाकीट तो फोडणार थोडाच!

"डेल्सी, फोड. मोठ्याने वाच," मिस आयोनी म्हणाली.

वही होती! आणि वर शाळकरी वहीच्या फाडलेल्या कागदावर पत्र. मी वाचायला लागले.

"'ऑरविल सर, आम्ही तेवीस जणांनी ही गोष्ट तीनदा वाचली. टीचर म्हणतात परत पाठवा, म्हणून पाठवतोय, मनात नव्हतं. आजीचा कोट आम्हाला फार आवडला, तसाच लाल..."

"हिरवा," तो पुटपुटला.

"...तसाच लाल कोट आम्हालाही हवा. पण शेवटचं पान कळलं नाही. आजीच्या गोष्टीच्या शेवटी तुम्ही एक निळं पिंप काढलंय, त्यातून दोन पाय बाहेर, एक मोजा पिवळा, एक..."

मी पत्रावरून मान वर केली आणि ऑरविलकडे पाहिलं. मिस आयोनीने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि पुढे वाचलं, मुद्दाम सावकाश, मेलीला कसली घाई!

"'...एक हिरवा. खाली लिहिलंय, आजीची गोष्ट इथे संपते, माझी इथे सुरू होते, तिने हो म्हटलं तर. ही मुलगी कोण? ती बाहेर आली का? हो म्हणाली का? आमच्यात पैजा लागल्यात, लवकर कळवा.'"

पॅटीवाल्याचा रेडिओ भिंतीपलीकडून ऐकू येत होता. ऑरविल टोपीतलं पाणी न्याहाळत होता.

"उद्यापर्यंत उघडू नको म्हणालो होतो ते... यासाठी," तो म्हणाला. "मला वाटलं, शनिवारी पान उलटेन आणि तुझ्याकडे बघेन. एवढंच ठरवलं होतं."

"आणि मी तेच पान समुद्रापार पाठवलं."

"हो. तेवीस पोरांना तुझ्याआधी कळलं." मग त्याने वर पाहिलं. "काय कळवू त्यांना?"

मी खाली वाकले, बुटाच्या नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट काढले. एक पिवळा, एक हिरवा. प्रत्येक शनिवारी तेच घालून बसत होते, त्याने कधी खाली पाहिलंच नव्हतं.

तो हसला. खळी या वेळी गेली नाही.

"कळव," मी म्हणाले, "बाहेर आली. आणि हो म्हणाली."

"आणि कोट लाल आहे, तेही कळव!" मिस आयोनी वही उघडून ओरडली.

आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला वही आजीच्या मांडीवर होती. शेवटच्या पानावरच्या मोज्यांवर बोट ठेवून ती म्हणाली, "पाय बरे आहेत. तोंड दाखव बघू." दाखवलं. तिने पसंत केलं.

आणि मॉर्न रोझला आमचं उत्तर गेलं, अक्षर एक नाही, नुसतं चित्र. निळं पिंप, त्यातून बाहेर आलेले चार पाय. दोन पोस्टमनच्या ओल्या काळ्या बुटांतले, दोन माझे. रेषा ऑरविलच्या, रंग मी भरले. पोटऱ्यांना तपकिरी खडू, अगदी आमचाच तपकिरी. आणि पिवळा खडू उचलला तो शेवटी... फक्त एका मोज्यापुरता.