दोन ठोक्यांचं उत्तर

निवृत्त स्टेशन मास्तरने पुढे काय करावं, याबद्दल रायपूरच्या तेलीबांध्यात प्रत्येकाजवळ एक सल्ला तयार होता. हिरालाल मेश्रामांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कबाड जमवायला लागले.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तीन वर्षं झाली होती. कचेऱ्यांत नवे कॉम्प्युटर आले आणि जुने पुरानी बस्तीतल्या एका कबाड्याच्या टिनाच्या छपराखाली येऊन पडले. हिरालाल दर आठवड्याला लुनावर तिकडे जायचे आणि पिशवीतून काहीबाही घेऊन यायचे. मदरबोर्ड एका कचेरीतला, रॅम दुसरीतली, हार्ड डिस्क तिसरीतली, आणि समोरची पट्टी नसलेली एक पिवळट पेटी. या सगळ्यांतून त्यांना एक चालता कॉम्प्युटर उभा करायचा होता. प्रत्येक भागाला ते दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचे: कुठून आणला, कधी तपासला, चालतो की नाही. न तपासता त्यांनी आयुष्यात काही पुढे जाऊ दिलं नव्हतं.

"पाच मुर्द्यांचे हातपाय जोडून एक माणूस करून राहिले का तुमी?" त्यांच्या पत्नी अंजनाबाई विचारायच्या.

"चालला तं तुलेच दाखवतो पयले."

"मले काहून? मले तं तुमी नीट चालता का नाही तेच पाहाचं हाय."

हसता हसता अंजनाबाईंना धाप लागायची. त्यांचं हृदय थकलं होतं. समता कॉलोनीतले डॉक्टर म्हणाले होते, एवढी एक थंडी निघाली पाहिजे. हिरालालांनी ते वाक्य कोणालाच सांगितलं नाही, भिलाईला दिलेल्या मुलीला, चेतनालाही नाही. त्यांना भीती वाटत होती. चाळीस वर्षं जिच्या हातचा चहा पिऊन ड्यूटीवर गेलो, ती नसेल तर सकाळी उठायचं तरी कशाला? हा विचार आला की ते स्क्रू पिळत बसायचे. खरं सांगायचं तर ही हौस म्हणजे अर्धी पळवाट होती.

डिसेंबरातल्या एका बुधवारी दुपारी चारला त्यांनी पहिल्यांदा बटण दाबलं. पंखा घरघरला. पेटीतल्या रुपयाएवढ्या स्पीकरमधून 'टूं' असा आवाज आला. एकच. एक आवाज म्हणजे सगळं ठीक; आता पडदा उजळायला हवा. तो काळाच राहिला.

हिरालालांनी नकळत बोटाच्या पेराने टेबलावर एक ठोका दिला.

पडदा उजळला.

ते मोठ्याने हसले. रॅम सैल असणार, ठोक्याने बसली असणार. त्यांनी ती काढली, खोडरबराने घासली, पुन्हा घट्ट बसवली. गुरुवारीही तेच झालं. एक आवाज, काळा पडदा, एक ठोका, उजेड.

त्यांना हसू का आलं ते सांगायला हवं. दोन स्टेशनांमध्ये गाडी सोडायची तर एक मास्तर दुसऱ्याला यंत्रावरून घंटी देतो. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. दोन म्हणजे, लाइन मोकळी आहे का, गाडी पाठवू का? तीन म्हणजे गाडी सुटली. ऐकणाऱ्याने तेवढेच ठोके परत दिले की झाला होकार. मास्तर झाल्यापासून एकवीस वर्षं हिरालालांच्या बोटांनी हेच केलं होतं. घंटी ऐकून उत्तर न देणं त्यांना आलेली शिंक दाबण्याइतकं अवघड जायचं.

शुक्रवारी दोन आवाज आले.

पहिला हलका. मग चहाचा एक घोट घेता येईल एवढी फट. मग दुसरा, जड. हिरालालांच्या हातावर काटा उभा राहिला. घंटी सगळे तीच देत असले तरी हात ज्याचा त्याचा असतो, आणि हा हात दयाराम साहूचा होता. पलीकडच्या स्टेशनचा दयाराम, ज्याच्याशी त्यांनी वर्षानुवर्षं गाड्यांची देवघेव केली. टेलिफोनवर दर वाक्याला 'हव, मेश्राम भैया' असा होकार भरणारा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. हिरालाल स्वतः खांदा द्यायला गेले होते.

वाटायला हवी होती भीती. त्यांना झाला आनंद. रिकाम्या दुपारी ज्याने एकट्याने काढल्यात त्यालाच हे कळेल. जुना मित्र विचारत होता आणि बोटं सवयीची गुलाम. त्यांनी दोन ठोके दिले. कोणती गाडी, कोणासाठी, एवढं साधं विचारायचं राहून गेलं. हाताखालच्या माणसाने अशी चूक केली असती तर त्यांनी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती.

शनिवारी सकाळी अंजनाबाई उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"कोठंतरी गाडी लागली. इंजन घुरघुरून राहिलं."

"छोटी लाइनची असंन. धमतरीची."

"नाही. मोठी लाइनची हाय. इतकी वर्षं रेल्वेच्या क्वार्टरमंदी झोपली मी, मले सांगता का?"

मोठी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज, इथून लांब, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. पण हिरालालांनी चप्पल काढून फरशीवर पाय टेकला तेव्हा फरशी बारीक थरथरत होती.

त्या दुपारी त्यांनी मशीन सुरू केलंच नाही. तरी चार वाजता आतल्या खोलीतून तीन आवाज आले. गाडी सुटली होती. कोणासाठी, ते आता विचारायची गरज नव्हती.

हिरालाल धावले. त्यांनी टेबलावर सहा ठोके दिले. सहा म्हणजे धोका, गाडी थांबवा. उत्तर आलं नाही. त्यांनी प्लग उपटला, स्पीकरच्या दोन्ही तारा कापल्या, स्पीकर स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं. पण सुटलेली गाडी परत बोलावता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एकच गोष्ट मास्तरच्या हातात उरते. गाडी आत घ्यायची नाही, स्टेशनबाहेरच्या सिग्नलला, आउटरवर, उभी ठेवायची. गाडी आत आल्याची खूण म्हणजे चार ठोके. तेवढे द्यायचे नाहीत. बोटांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी उजव्या हाताला गमछा घट्ट गुंडाळला.

संध्याकाळी अंजनाबाईंना धाप लागली. अशी कधीच लागली नव्हती. हिरालाल त्यांना कवटाळून "नाही देत, मी नाही देत," एवढंच म्हणत राहिले. फरशीवरची बादली किणकिणत होती. मग धाप एकदम थांबली. बऱ्याच वेळाने अंजनाबाईंनी डोळे उघडले. हिरालालांना रडू कोसळलं. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं.

रविवारी अंजनाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसून होत्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांना धाप नव्हती. रोज सकाळी त्या मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हणायच्या. त्या दिवशी उठल्या नाहीत. चहावर साय धरली. हात गार होते, पण डिसेंबरात कोणाचे नसतात? चेतनाचा फोन आला.

"बाबा, आई से बात कराओ ना."

अंजनाबाईंनी नकारार्थी मान हलवली. "झोपली हाय," हिरालाल म्हणाले.

फरशी अजून थरथरत होती. गाडी जवळही येत नव्हती आणि लांबही जात नव्हती.

सोमवारी अंजनाबाई म्हणाल्या, "मले काहून उभं ठेवलं तुमी?"

"उभी कोठं हायेस? बसली तं हायेस."

"आउटरवर. लय थंडी हाय तिथं. डब्यातले सारे माह्याकडे पाहून राहिले. माह्यासाठी खोळंबले ना ते."

हिरालालांनी त्यांच्या अंगावर आणखी एक दुलई टाकली. मग आणखी एक. रात्रभर त्या उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होत्या, आणि मंगळवारी सकाळीही तशाच.

दुपारी त्यांचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

"तुमी कधी कोणाची गाडी अडवून नाही ठेवली. मलेच काहून?"

"तू गेल्यावर मी काय करू?"

"ते मले नाही माहीत. पण मले थंडी लागून राहिली जी."

हिरालालांना स्वतःची लाज वाटली. इतके दिवस ते आपलीच भीती जपत बसले होते, आणि गारठणं मात्र तिच्या वाट्याला आलं होतं. त्यांनी दातांनी गमछ्याची गाठ सोडली. बोटं सुजून बधिर झाली होती. तिचा हात डाव्या हातात धरून त्यांनी खाटेच्या लाकडी पट्टीवर ठोके दिले.

एक. दोन. तीन.

चौथ्याला वेळ लागला.

आतल्या खोलीत, डब्यात, कापलेल्या तारांच्या स्पीकरने चार आवाज परत दिले. शेवटचा जड होता.

फरशी शांत झाली. अंजनाबाईंची मान कलली.

हिरालालांनी फोन केला आणि अर्ध्या तासात समता कॉलोनीचे डॉक्टर आले. दारातच थबकले. मग खाटेपाशी आले, दुलया बाजूला केल्या, नखं पाहिली, कोपर उचलून पाहिलं. बॅगेतून काहीच काढलं नाही. आधी त्यांनी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, नाकाला रुमाल लावला आणि हिरालालांना खांद्याला धरून ओसरीवर आणून बसवलं.

"मेश्रामजी, ये आखिरी बार कब बोलीं?"

"आत्ता. आर्धा घंटा झाला असंन."

डॉक्टर त्यांच्या शेजारी बसले.

"इनको गये तीन दिन हो गये हैं," ते हळूच म्हणाले. "शनिवार से आप अकेले थे घर में?"

"नाही जी," हिरालाल म्हणाले. "दोघं होतो आमी."