पट्टीखालचा हात

घड्याळजींच्या गळ्यावर उजव्या बाजूला चार बोटांचे वळ होते आणि डाव्या बाजूला अंगठ्याचा एक. अंगठ्याच्या टोकाशी चंद्रकोरीसारखी खोल चीर पडली होती. तिथलं रक्त अजून पुरतं सुकलं नव्हतं.

परीक्षक खाली वाकून बघत राहिली. मेंदूच्या झटक्यावरच्या नव्या औषधाचा प्रयोग या वॉर्डात चालू होता, आणि रुग्णांना त्यातून अपाय होत नाही ना, हे बाहेरून येऊन पाहणारी ती डॉक्टर. गळा दाबल्याची चौकशी हे खरं तर तिचं काम नव्हे. पण रुग्ण प्रयोगातला होता.

"बघून काय होणार?" घड्याळजींची मुलगी कडाडली. "मी सकाळी आत आले तेव्हा तो ब्रदर यांच्यावर ओणवा होता. याहून आणखी काय पुरावा हवा? पोलीस येतायत. त्यांच्या हवाली केल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"कुणाला बोलावलंत आधी?"

"सरांना. धावत आले बिचारे. बाबांच्या हाताची पट्टी सुटली होती, ती आधी बांधली, मग गळा पाहिला. हे त्या ब्रदरचंच काम, असं तेही म्हणाले. इतका मोठा माणूस, पण स्वतः पट्टी बांधतो."

सर म्हणजे या प्रयोगाचे मुख्य संशोधक. परीक्षकेनं घड्याळजींच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत कापडाचा गोळा झाला होता. सलाईन मात्र उजव्या हाताला होतं.

तिनं स्टूल ओढलं. "काका, कोण आलं होतं सकाळी?"

"तोच तो. रोजचा."

"ब्रदर?"

"छे हो. ब्रदर सज्जन आहे. हा दुसरा." घड्याळजींनी आवाज खाली आणला. "काल यानं सलाईन उपटलं. परवा मी शर्टाची बटणं लावतोय आणि हा मागून सोडतोय. हरामखोर आहे."

"दारातून येतो?"

"दारातून कशाला येईल? इथंच असतो. पांघरुणात. डाव्या अंगाला."

"बाबांना भास होतात," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "त्या ब्रदरनं घाबरवून सोडलंय त्यांना."

घड्याळजींचं लक्ष परीक्षकेच्या मनगटाकडे गेलं. "मॅडम, तुमचं घड्याळ मागं पडतंय. द्या इकडे." उजव्या अंगठ्यानं त्यांनी मागचं झाकण उचकटायचा प्रयत्न केला. अंगठा घसरला. "या अंगठ्याला नख नाही. कामाचा अंगठा यांनी बांधून ठेवलाय," ते कुरकुरले.

परीक्षकेनं घड्याळ परत घेतलं. मागे पडत होतं खरं.

*

ब्रदरला चादरींच्या खोलीत बसवलं होतं. दाराशी पहारेकरी. गठ्ठ्यांच्या मधोमध तो धिप्पाड माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"तू डावखुरा आहेस?"

"झालं," तो कडवट हसला. "सरांनीही तेच विचारलं. ठसे डाव्या हाताचे, आणि वॉर्डात डावखुरा मी एकटा. म्हणाले, मुकाट नोकरी सोडून जा, मी पोलिसांचं बघतो. मी नाही म्हटलं."

"का? सुटला असतास."

"मॅडम, मी गेलो की मीच केलं असं ठरतं. माझी म्हातारी याच गावात दळण आणायला जाते. तिला कोण काय बोलेल, ते मी इथं बसून ऐकतोय."

"सकाळी काय झालं?"

"अंग पुसायचं होतं. डाव्या हाताची पट्टी सोडली. सूज आलीय म्हणून सरांनी काल बांधली होती. पण सूज काही दिसली नाही. पाणी बदलायला मोरीत गेलो. खोकल्याचा आवाज आला म्हणून पळत आलो, तर काका निळे पडलेले. उजव्या हातानं गळा चोळत होते, डावा चादरीखाली. खोलीत दुसरं कुणी नाही. मी श्वास चालतोय का बघायला वाकलो, आणि तेवढ्यात ताई आल्या."

"हात दाखव."

त्यानं दोन्ही पंजे पुढे केले. सतत धुऊन भेगाळलेले. नखं इतकी कापलेली की बोटांचं मांस पुढे आलं होतं.

परीक्षकेनं एकेक बोट निरखून पाहिलं.

"इथंच थांब," ती म्हणाली. "आणि काही झालं तरी कशालाही होकार देऊ नकोस."

*

सर आपल्या खोलीत चहा घेत होते. भिंतीवर मेंदूची मोठी रंगीत आकृती टांगली होती.

"घड्याळजींचा नवा स्कॅन हवाय," परीक्षक म्हणाली.

"कशाला? आले तेव्हा उजवा पाय लुळा होता. आता चालतात. रोजच्या तपासणीत हातापायांच्या ताकदीत एक गुण कमी नाही. आमच्या औषधाचा सगळ्यात चांगला रुग्ण आहे तो."

"ताकद कशी तपासता?"

"तुम्हाला ठाऊक नाही? हात वर धरायला सांगतो. खाली पडला नाही की ताकद शाबूत."

"दोन्ही हात?"

"अर्थात." कप बशीवर जरा जोरात टेकला. "संध्याकाळी त्यांना पुढचा डोस द्यायचा आहे. मारहाणीच्या प्रकरणात औषधाला ओढू नका. साप साप म्हणून भुई धोपटायची सवय असते काही लोकांना."

"स्कॅन होईल," ती म्हणाली. "तो अधिकार माझा आहे. आणि तो पाहिल्याशिवाय डोस मिळणार नाही."

बाहेर मुख्य सिस्टर औषधांची गाडी लावत होत्या.

"सिस्टर, सर नेहमी स्वतः पट्ट्या बांधतात?"

सिस्टर हसल्या. "सर? ते स्वतःची बाही तरी दुमडतात का? कालच पहिल्यांदा पाहिलं. मी पुढे झाले तर मलाच बाजूला केलं."

*

पोलीस अधिकारी आला तेव्हा स्कॅन होऊन गेला होता. घड्याळजींच्या खाटेभोवती परीक्षकेनं सगळ्यांना जमवलं. मुलगी, सर, मुख्य सिस्टर, आणि दोन शिपायांच्या मध्ये ब्रदर.

"ठसे डाव्या हाताचे, एवढं बरोबर आहे," तिनं सुरुवात केली. "पण अंगठ्याच्या ठशाशी नखाची चीर आहे. ब्रदरची नखं बघा. त्यानं कितीही गळा दाबला तरी अशी चीर पडणार नाही. या खोलीत डाव्या अंगठ्याला लांब नख कुणाला आहे?"

मुलीच्या तोंडून नकळत निघालं, "बाबांना. झाकणं उघडायला ठेवतात ते. पण..."

परीक्षकेनं पट्टी सोडायला घेतली.

"सूज उतरायची आहे," सर पुढे सरसावले.

"सूज कुठली?" कापड गळून पडलं. हात कुठंही सुजलेला नव्हता; अंगठ्याला लांब पिवळट नख. नखाखाली सुकलेलं रक्त. "काका, शर्टाची बटणं लावा बरं."

घड्याळजींच्या उजव्या हातानं वरचं बटण लावलं. मग खालचं. त्याच्या पाठोपाठ डावा हात उठला आणि वरचं बटण सोडू लागला.

"बघा," घड्याळजी थकून म्हणाले. "आला."

मुलीनं तोंडावर पदर दाबला.

"काकांनी खरंच सांगितलं होतं," परीक्षक म्हणाली. "मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा एक जाड पट्टा असतो. तो दुखावला की डावा हात कधी कधी मालकाचं ऐकेनासा होतो. ताकद पुरेपूर, पण हुकूम दुसऱ्याचाच. त्या माणसाला तो हात आपला वाटत नाही. असे रुग्ण क्वचित दिसतात, पण पुस्तकात आहेत. आणि सरांनी ती पुस्तकं शिकवली आहेत."

"हा निव्वळ तर्क आहे," सर म्हणाले. "तपासणीत हात निर्दोष होता."

"तपासणी विचारते, हात वर राहतो का. कुणाचं ऐकतो, हे विचारत नाही. ती फट तुम्हाला माहीत होती. परवा बटणं, काल सलाईन. तेव्हाच तुम्ही ओळखलंत. नाहीतर धडधाकट हाताला सुजेची पट्टी कशाला, तीही सिस्टरांना बाजूला सारून? आणि सकाळी गळा दाबलेला माणूस समोर असताना कुठला डॉक्टर आधी हात बांधतो? गळा कुणी दाबला हे ज्याला आधीच कळलंय, तोच."

सर चष्मा काढून पुसायला लागले.

"नवं काही दिसलं की स्कॅन करायचा, हा तुमच्याच प्रयोगाचा नियम. तुम्ही केला नाहीत, कारण काय दिसेल हे ठाऊक होतं. आज मी पाहिलं. त्या पट्ट्यात ताजा रक्तस्राव आहे. तुमचं औषध गुठळी विरघळवणारं; त्यानं असा रक्तस्राव झाला की प्रयोग थांबवून चौकशी. ते टाळायला तुम्ही एका निरपराध माणसाला चादरींच्या खोलीत बसवलंत. आणि संध्याकाळी या म्हाताऱ्याला आणखी एक डोस देणार होतात. रक्त वाहत असलेल्या मेंदूत." ती एक पाऊल पुढे आली. "त्या हाताला काही कळत नव्हतं, सर. तुम्हाला सगळं कळत होतं."

"एका रुग्णासाठी हजारोंचं औषध बंद पाडायचं?" सर म्हणाले. "तुम्हाला अंदाज नाही..."

"एका?" मुलगी उठली. ती सरांच्या इतकी जवळ गेली की पोलीस अधिकारी मध्ये आला. "तो एक माझा बाप आहे. आणि तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून मी या पोराला खुनी म्हटलं."

अधिकाऱ्यानं शिपायांना खूण केली. ते ब्रदरपासून बाजूला झाले आणि सरांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले.

मुलगी ब्रदरकडे वळली. हात जोडायला लागली, तर त्यानं मान फिरवली. "आत्ता नको, ताई. आत्ता मला राग आलाय."

तो खाटेशी गेला. उशी सरळ करायला वाकला, तोच घड्याळजींचा डावा हात झपकन वर आला आणि त्यानं ब्रदरचं मनगट आवळलं. नख कातडीत रुतलं. मुलगी पुढे धावली.

"सोड त्याला, मेल्या," घड्याळजी आपल्याच हातावर खेकसले.

"राहू दे, काका." ब्रदरनं दुसऱ्या हातानं एकेक बोट सावकाश सोडवलं, तो पंजा आपल्या पंजात धरला आणि खिशातून नेलकटर काढलं.

"आधी हे नख," तो म्हणाला. "झाकणं मी उघडून देईन."