मुख्य व्यवसाय : डाळिंब

“तिथंच थांबा मॅडम. कुठल्या बागेतनं आलाय?”

मोहोळजवळच्या एका फाटकाशी आमची ओळख अशी अडवणुकीने झाली. मी सोलापूरच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते; गावाच्या अर्थव्यवहाराची पाहणी करत हिंडत होते. शेजारच्या बागेतून आले, असे सांगताच फाटकापलीकडच्या तरुणाने औषधी पाण्याचे घमेले पुढे सरकवले.

“त्यांच्याकडं तेल्या रोग हाय. एकदा शिरला की बागच संपती. चपलेसकट पाय बुडवा.”

मी बुडवले. पाणी गार होते. तो उगाच आभाळाकडे पाहत राहिला... नाव अभिमन्यू.

मी प्रश्नावली उघडली. “मुख्य व्यवसाय?”

“डाळिंब.”

“दुय्यम?”

“मुली बघणं. एकवीस झाल्या.”

“एकही पसंत पडली नाही?”

“मला समद्या पडल्या की. त्यास्नी मी न्हाय.”

एकवीस घरांना नको असलेल्या या माणसाच्या बागेवर तोडणीच्या दिवसांत सतरा घरांच्या चुली पेटत. खोकीवाला आणि टेम्पोवाला निराळेच. एवढी माहिती मला पहिल्याच भेटीत मिळाली होती. पुढच्या पाच भेटींचे कारण कोणत्याही शोधनिबंधात बसत नाही.

सहाव्या भेटीत त्याने डाळिंब फोडून अर्धे माझ्या हाती दिले. “एक विचारू का... म्हणजे, बाविसावी—”

“घरी येऊन विचारा.”

“वडील लई कडक हायेत?”

“कडक नाहीत. विद्वान आहेत.”

बाबांनी तीस वर्षे वर्गात शेतकऱ्याला देशाचा कणा म्हटले होते. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या घरी त्या कण्याला त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारले, “नोकरी कुठे?”

“नोकरी न्हाय, सर. सतरा घरांना मीच काम देतो.”

“ते हंगामी. कायमचे काय? बाग दुसऱ्याला कसायला द्या, इथे कुठे तरी चिकटा. मग बोलू.”

अभिमन्यू बशीकडे पाहत राहिला. माझ्यासाठी तो आता मान डोलावणार, हे मला स्वच्छ दिसले. आणि तसे झाले तर मी त्याला आणि तो स्वतःला आयुष्यभर क्षमा करणार नाही, हेही.

“बाबा,” मी म्हणाले, “सात वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवते. दर जूनला माझी नेमणूक नव्याने होते. या खोलीत कायमचे असे फक्त तुमचे निवृत्तिवेतन आहे.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला.

मी अभिमन्यूकडे वळले. “माझा पहिला तास साडेआठला असतो. मोहोळहून सकाळी एसटी कितीला?”

त्याने मान वर केली. यावेळी नजर कुठेही वळवली नाही.

“सातला एक हाय,” तो सावकाश म्हणाला. “मागनं सव्वासातची... पण तिला गर्दी लई.”

“सातची चालेल,” मी म्हणाले.