कैरीला न घाबरलेला सूर

"तीन पुरतील?" झाडावरून इळंगो ओरडला.

"चार तोड! एक मला खायला!" खालून चिट्टू म्हणाला.

"अरे गाढवा, सगळ्या खायच्याच आहेत! पण त्या विद्वानासमोर!"

कयल मात्र झाडाकडे पाठ करून उभी होती. नाणलमेडू गावात मे महिन्याच्या सुट्टीत कैरीकडे पाठ करणारी ही एकच मुलगी! बरोबर एक वर्ष झालं, तिने कैरीला हात लावला नव्हता. का, ते ती कुणालाच सांगत नव्हती.

"कयल, तुझी खात्री आहे ना?" इळंगो खाली उडी मारत म्हणाला. "नाहीतर उद्या सगळ्या गावादेखत आपली पूजा बांधतील!"

"तीन दिवस ऐकतेय मी," कयल म्हणाली. "आलापात तिसऱ्या वळणाला तो किंचित थांबतो, श्वास घेतो आणि मग वर चढतो. रोज तिथेच! तेवढाच! तात्ता म्हणतात, आलाप दोनदा सारखा आला तर तो आलाप नव्हे, पाढे. आणि त्याने एकदा तरी पत्ती पाण्यात भिजवली का रे? कोरड्या पत्तीतून सूर निघतो कसा?"

वैद्यलिंगम तात्ता म्हणजे कयलचे आजोबा. देवळाचं नादस्वरम चाळीस वर्षं त्यांच्याकडे होतं. नादस्वरम म्हणजे आपल्या सनईची हातभर लांब थोरली बहीण! तिच्या तोंडाशी गवताची पत्ती असते, आणि फुंकणाऱ्याचा जीव त्या पत्तीत असतो. गेल्या वर्षी रथाच्या दिवशी भर आलापात तात्तांचा सूर चिरकला. एकदाच! पण उत्सव समितीचे चिटणीस रत्नवेलु यांनी लगेच ठरवून टाकलं, म्हाताऱ्याचा दम संपला. यंदा शहरातून तिरुवेंगडम नावाचे रुबाबदार विद्वान आले; तिकडे नावाजलेल्या वादकाला विद्वानच म्हणतात. उद्या रथ निघाला की देवाचं रेशमी वस्त्र त्यांच्या डोक्याला बांधणार, म्हणजे पुढची सगळी वर्षं मान त्यांचा. तात्तांनी आपलं नादस्वरम खुंटीवरून काढून जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळूनही ठेवलं होतं.

"फुंकणाऱ्यासमोर आंबट खाल्लं की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं," इळंगो चिट्टूला समजावत होता. "पत्ती बुडाली की सूर चिरकलाच! नाही चिरकला तर समजायचं, काहीतरी भानगड आहे!"

"आणि तो खरा निघाला तर?" कयलचा आवाज बारीक झाला. "आपण एका माणसाचा सूर मोडला, असं होईल. पुन्हा..."

"पुन्हा म्हणजे?"

"काही नाही! चला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रथाच्या रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोर ओढायला सगळं गाव लोटलं होतं. तात्ताही आले होते. रथाचा दोर त्यांनी आजवर कधी चुकवला नव्हता. खांद्यावर पंचा टाकून ते मान खाली घालून उभे होते.

विद्वानांनी गाल फुगवले. शेजारी त्यांचा तविलवाला ढोल बडवू लागला आणि त्याच्या पायाशी कापडात गुंडाळलेली आधारसुराची पेटी होती. आलाप सुरू झाला. लोक माना डोलवू लागले.

"काय दम आहे!" रत्नवेलु म्हणाले. "याला म्हणतात विद्वान!"

तात्तांनी झटकन मान वर केली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

तेवढ्यात तिघं विद्वानांच्या पुढ्यात जाऊन बसली. इळंगोने कैरी फोडली, मीठ-तिखट चोळलं आणि चावा घेतला. कर्रर्र!

"स्सss! काय आंबट आहे!" चिट्टूने एक डोळा मिटला.

विद्वानांनी नजर फिरवली. चिट्टू उठून नजरेसमोर आला. विद्वानांचा कंठ वरखाली झाला. हनुवटीवरून लाळेची धार लागली. सूर मात्र ढिम्म हलला नाही! चिट्टूने कोयीजवळची फोड जिभेवर टेकवली मात्र, विद्वानांना जोराचा ठसका लागला. नादस्वरम तोंडातून सुटलं. ते दोन्ही हातांनी तोंड पुसू लागले.

आणि आलाप चालूच राहिला!

एका आजींच्या हातातला नारळ खाली पडला. रत्नवेलुंचं तोंड उघडलं ते मिटेना. कयलसुद्धा ताडकन उठून उभी राहिली. संशय होता तिला, पण असं काही डोळ्यांनी बघायचं म्हणजे!

तविलवाला पेटीवर झेपावला. "बंद करतो, बंद करतो!"

"हात लावायचा नाही!" चिट्टू पेटीला मिठी मारून बसला. "आता पुढचंही ऐकू द्या!"

रोज ते ज्या जागी गुपचूप आवाज बंद करत, ती जागा मागे पडली. पेटीतला सूर वर चढला, आणखी वर, आणि... चिर्रक!

कयलने कान गच्च दाबले. पण पेटीतून रत्नवेलुंचा आवाज आलाच, "अरेरे! तात्ता, काय झालं हो?" त्यामागून एका मुलीचं खिदळणं ऐकू आलं. "तात्तांच्या तोंडाला पाणी सुटलं! अजून एक फोड दे, अजून एक!"

तो आवाज गावात कोण ओळखणार नाही? सगळ्या माना कयलकडे वळल्या.

"हे तर गेल्या वर्षीचं!" रत्नवेलु मटकन खाली बसले. "मीच फोनवर घेतलं होतं! गावची पद्धत कळावी म्हणून यांनी मागितलं आणि मी पाठवून दिलं... न ऐकताच!"

"म्हणजे मामा, तीन दिवस तुम्ही तात्तांच्याच दमाचं कौतुक करत होतात!" इळंगो ओरडला.

तिरुवेंगडम आणि त्यांचा तविलवाला पळायला बघत होते. दोर ओढणाऱ्यांनी त्यांना तिथेच बसवलं.

कयल तात्तांसमोर गेली. रडू आवरत नव्हतं. "तात्ता, मी होते. गंमत म्हणून तुमच्यासमोर कैरी खाल्ली. सूर तुमचा नाही, माझ्यामुळे चिरकला. आणि मी वर्षभर गप्प बसले!"

"ठाऊक आहे मला," तात्ता म्हणाले.

"ठाऊक होतं? मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? नातीने कैरी खाल्ली म्हणून? मी फुंकत होतो, तू समोरच तर बसली होतीस!" ते हसले. "कधीतरी आपणहून येशील म्हणून वाट बघत होतो. फार उशीर केलास गं!"

देव रथात बसून खोळंबला होता. मल्लारीची धून वाजल्याशिवाय रथाचं चाक हलत नाही. इळंगो धावत गेला आणि वेष्टीत गुंडाळलेलं नादस्वरम घेऊन आला. तात्तांनी पत्ती पाण्यात भिजवली, ओठांना लावली. आलाप तिसऱ्या वळणाला आला. कयल श्वास रोखून ऐकत होती. पण तात्ता तिथे थांबलेच नाहीत. भलत्याच वाटेने वर गेले, कधी न ऐकलेल्या! मागोमाग मल्लारी सुरू झाली आणि रथाचं चाक करकरत हललं. गावाने केवढी आरोळी ठोकली!

रत्नवेलुंनी रेशमी वस्त्र तात्तांच्या डोक्याला बांधलं. "मुलांनो, आम्ही मोठे नुसते माना डोलवत होतो. ऐकत होतात ते तुम्ही!"

"हे दोघं शूर आहेतच," तात्ता म्हणाले, "पण कयलचा कान पक्का आहे. उद्यापासून पहाटे माझ्यासमोर बसायचं, फुंकायला."

मग त्यांनी नादस्वरम खाली ठेवलं आणि चिट्टूपुढे हात पसरला.

"वर्षभर तोंडाला पाणी सुटलंय रे! दे दोन फोडी. एक माझी, एक हिची. मीठ जरा जास्त लाव!"